दुसऱ्या कार्डाची भाऊबीज

आमच्या घरात त्या काळी प्रत्येक वस्तूची जोडी होती आणि त्यातली एक आमची होती. दुसरी भिंतीपलीकडं तात्यांच्या घरात असायची. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. आष्ट्यातलं आमचं स्लॅबचं घर आधी एकच होतं. पुढं दोघा भावांचं बिनसलं, चुली वेगळ्या झाल्या आणि सोप्यापासून परसापर्यंत विटांची एक भिंत उभी राहिली. तिला गिलावा आणि रंग ज्यानं त्यानं आपापल्या बाजूनं केला, त्यामुळं ती आमच्याकडं निळी होती आणि तिकडं पिवळी होती म्हणे. मी पलीकडची बाजू कितीतरी वर्षं पाहिलीच नव्हती. आवाज मात्र भिंतीला अडत नव्हते. सकाळी पलीकडं थोरल्या आईंनी, म्हणजे तात्यांच्या पत्नीनं, भाकरी थापायला घेतली की आमच्या आईच्या हाताला आपोआप वेग यायचा. इकडं शेंगदाण्याची चटणी कुटायला बसलं की थोड्या वेळानं तिकडंही खलबत्ता वाजायला लागायचा. दोन्हीकडचे रेडिओ एकाच स्टेशनवर लावलेले असायचे आणि बातम्या सांगणारा माणूस दोन खोल्यांत एकदम खोकायचा. आई म्हणायची, बोलणं बंद केलं म्हणून कान बंद होत नाहीत. हे ती तक्रारीच्या सुरात म्हणायची की समाधानाच्या, ते मला कधी कळलं नाही.

भांडण विहिरीवरून झालं होतं. विहीर सामाईक, मोटर एक, आणि उसाला पाणी पाळीनं द्यायचं ठरलेलं. एका उन्हाळ्यात तात्यांची पाळी संपता संपेना, म्हणून आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याच विहिरीवर स्वतःची दुसरी मोटर बसवली. झालं, पाळी बंद पडली. वीज आली की दोन्ही मोटरी एकदम सुरू व्हायच्या, विहीर बघता बघता तळाला जायची, आणि मग दोघंही मोटरी बंद करून आपापल्या बांधावर पाठमोरे उभे राहून झरे भरायची वाट बघायचे. दोन्हीकडचा ऊस पूर्वीइतकाच यायचा, खरं तर थोडा कमीच, पण ते तोंडानं कुणी म्हणत नसे. अण्णा स्वभावानं बोलघेवडे. मनात आलं की ते जिभेवर आलंच. तात्या घुमे. त्यांच्याशी बोलताना समोरच्यालाच दोघांचं बोलावं लागायचं. अशा दोन माणसांचं भांडण लवकर मिटत नाही, कारण एकाला आपण काय बोललो ते आठवत नाही आणि दुसरा काही विसरत नाही.

या दोघांच्या पाठचे नाना फौजेत होते. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळं सुट्टीवर आले की दोन्ही घरं त्यांची. सकाळचं जेवण आमच्याकडं, संध्याकाळचं तिकडं, आणि चहा दोन्हीकडं. कुणाला डावं-उजवं वाटू नये म्हणून ते कुठलीही वस्तू एकसारखी, जोडीनंच आणायचे. दोन ट्रान्झिस्टर, दोन कुकर, दोन काश्मिरी शाली, दोन थर्मास. त्यातल्या एका थर्मासला प्रवासात पोचा पडला, तर नानांनी स्टँडवरच दुसराही दगडावर आपटून घेतला असं आई सांगायची. मला ते खोटं वाटत नाही, कारण आमच्या थर्मासला पोचा होता आणि तात्यांच्याकडच्यालाही होता हे मला अमोलनं सांगितलं होतं.

अमोल तात्यांचा मुलगा. माझ्याहून काही महिन्यांनी मोठा. आम्ही दोघं एकाच वर्षी सांगलीला विश्रामबागेतल्या कॉलेजात इंजिनिअरिंगला लागलो. मला कॉम्प्युटरला प्रवेश मिळाला म्हणून अण्णांनी सांगलीहून कॉम्प्युटर आणला. टेंपो दारात उभा राहिला, आईनं मॉनिटरला हळदकुंकू लावलं, आणि त्याच आठवड्यात तोच टेंपो तात्यांच्या दारात उभा राहिला. अमोल मेकॅनिकलला होता, त्याला पहिल्या वर्षी कॉम्प्युटरचं काही काम नव्हतं, पण त्याचा प्रश्नच नव्हता. दोन्ही घरांत मॉनिटरवर क्रोशाचं झाकण आलं. आष्ट्यात आम्ही एकमेकांशी बोलत नसू. तसं कुणी बजावलेलं नव्हतं, पण स्टँडवर दहा ओळखीचे डोळे असायचे आणि घरी जाऊन सांगणारी तोंडं त्याहून जास्त. तो पुढच्या दारानं चढायचा, मी मागच्या. बस गावाच्या बाहेर पडून ऊस सुरू झाला की तो उठून माझ्या पुढच्या सीटवर येऊन बसायचा आणि मागं वळून जे बोलायला लागायचा ते सांगली येईपर्यंत. परत येताना ऊस संपला की गप्प. आता सांगताना हे विचित्र वाटतं, तेव्हा आम्हाला ते बसच्या वेळापत्रकासारखंच वाटायचं.

आम्ही काय बोलत असू? गेमबद्दल. हे त्या काळी मुलीनं मोठ्यानं सांगायची पद्धत नव्हती, पण मला कॉम्प्युटरवरचे खेळ अभ्यासापेक्षा जास्त आवडायचे. त्यातही बोगद्यातून बंदूक घेऊन पळायचा एक खेळ होता, तो मी आई झोपाळ्यावर लवंडलेली असताना आवाज बंद करून खेळायचे. साध्या मशीनवर त्यातल्या भिंती ठोकळ्यासारख्या दिसायच्या आणि जोरात वळलं की चित्र अडखळायचं. अमोलनं बंगलोरला असलेल्या नानांना लिहिलं की असलं एक कार्ड मिळतं, ते मशीनमध्ये बसवलं की चित्राचं सगळं काम तेच करतं, येताना घेऊन या. गौरी-गणपतीच्या सुट्टीत नाना आले ते अर्थातच दोन खोकी घेऊन. कार्ड कसं बसवायचं ते अमोलनं मला कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये वडापावच्या कागदावर काढून दाखवलं. मी घरी एकटीनं मशीन उघडलं, कार्ड खाचेत दाबलं, आणि खेळ सुरू केला. बोगद्यातल्या मशालीचा उजेड भिंतीवर हलत होता. पाण्यात छताचं प्रतिबिंब पडलं होतं. मी किती तरी वेळ काही न करता नुसती तिथं उभी राहिले. आयुष्यात नंतर पुष्कळ चांगली ठिकाणं पाहिली, पण त्या दुपारी झाला तेवढा आनंद मोजक्याच वेळा झाला.

मग कॉलेजच्या लायब्ररीत एका मासिकात अमोलला तो लेख सापडला. आमच्यासारखीच दोन कार्डं एका मशीनमध्ये बसवून आतून एका चपट्या पट्टीनं जोडता येतात, असं त्यात लिहिलं होतं. चित्राची एक ओळ हे कार्ड काढतं, त्याखालची ओळ ते कार्ड, आणि अशा रीतीनं वेग दुप्पट होतो. अमोलचा त्यावर लगेच विश्वास बसला. माझा बसला नाही. मी म्हटलं, मासिकात जाहिरातीही त्यांच्याच असतात. बसमध्ये आमचा यावरून वाद सुरू झाला तो दसऱ्यापर्यंत चालला. तो म्हणायचा, दोन माणसं भिंत रंगवायला लावली तर निम्म्या वेळात होते. मी म्हणायचे, रंग कालवून देणारा एकच असला तर? खरं-खोटं करायला लागणारं सगळं सामान आमच्याकडं होतं. कार्डं तंतोतंत एकसारखी हवीत असं लेखात लिहिलं होतं, ती नानांच्या कृपेनं होतीच. पट्टीसुद्धा खोक्यात होती. फक्त दोन कार्डांच्या मध्ये एक भिंत होती. आमचं कार्ड तिकडं गेलेलं अण्णांना चाललं नसतं आणि तिकडचं इकडं आलेलं तात्यांना. त्या घरात वस्तू हरवली तरी चालायची, पलीकडं गेलेली चालत नसे.

सातारची आत्या मला तेव्हा आठवली. आत्या या दोघा भावांच्या मधली. तिचे यजमान, आमचे मामा, सातारला राहत्या घराच्या खालच्या मजल्यावर टायपिंगचा क्लास चालवायचे आणि नुकतेच त्यांनी टाइपरायटरच्या रांगेशेजारी दोन कॉम्प्युटर आणून ठेवले होते. आमच्यात आत्याचं घर ही एकच जागा अशी होती जिथं दोन्ही घरांची माणसं जायची. मात्र एकदम नाही. भाऊबीजेला तात्या सकाळी यायचे आणि जेवून निघून जायचे. अण्णा दुपार कलल्यावर यायचे. कराडच्या स्टँडवर त्यांच्या बस एकमेकींच्या शेजारून जात असणार. आत्या त्या दिवशी दोनदा ओवाळायची आणि स्वयंपाकही दोनदा करायची. सकाळचं पुरण दुपारी वापरलं तर एका भावाला ताजं आणि दुसऱ्याला शिळं असं होईल, म्हणून ती दुपारी पुन्हा डाळ शिजत घालायची, पुन्हा वाटायची, पुन्हा पोळ्या लाटायची. तिच्या मनगटाला त्या आठवड्यात पट्टी बांधलेली असायची. तिला एकच गोष्ट हवी होती, आणि ती तिनं आम्हाला कितीदा तरी सांगितली होती: एकदा दोन पाट शेजारी मांडायचे आणि दोघांना एका तबकानं ओवाळायचं. पुढचं त्यांचं ते बघून घेतील.

दिवाळीच्या आधी मी आणि अमोल कॉलेज बुडवून साताऱ्याला गेलो. मामांना प्रयोगाची कल्पना फार आवडली. त्यांची सगळी हयात वेग मोजण्यात गेली होती. टायपिंगच्या परीक्षेचं स्टॉपवॉच ते खिशात बाळगायचे आणि बोलता बोलता उगाचच त्याला चावी द्यायचे. वेग मोजायचा तर नुसता वेग मोजून भागत नाही, चुका वजा कराव्या लागतात, असं त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. मशीन उघडायला त्यांची ना नव्हती. आत्या तेवढा वेळ दारात उभं राहून ऐकत होती. मग ती म्हणाली, "मशीन उघडा न्हाईतर फोडा, मला काय करायचंय. पर भाऊबीजेला करायचं. आनि तुमचं दोघांचं बाप एकाच येळंला हितं आलं पायजेत. एकला आला, तर क्लासची किल्ली मी देनार न्हाई."

आम्ही म्हटलं, ते कसे येतील? आत्यानं त्याचाही विचार केलेला होता. ती म्हणाली, घरी जाऊन एवढंच सांगा की मामा दोन्ही कार्डं जोडून बघणार आहेत, आणि जोडून चांगली चालली तर ती दोन्ही एकाच घरात ठेवावी लागतील. आपल्या भावांना ती पुरती ओळखून होती.

मी घरी तसंच सांगितलं. अण्णा कोयता पाजळत बसले होते. ते थांबले. "आनि चांगली चालली, तर ऱ्हानार कुनाच्यात?" मी म्हटलं, ते तिथंच ठरवणार आहेत, सकाळी. अण्णांना ते कार्ड म्हणजे काय, ते मशीनच्या आत असतं की बाहेर, हेही माहीत नव्हतं. पण ते नानांनी दिलेलं होतं, वाटणीचं होतं, आणि आपण नसताना वाटणी होणार होती. ते एवढंच म्हणाले की मग मी तिथं नको व्हय? भिंतीपलीकडं अमोलनं हेच सांगितलं तेव्हा तात्यांनी फक्त थोरल्या आईंना धोतर काढून ठेवायला सांगितलं. हे मला त्यानं नंतर सांगितलं. दोघा भावांना एका ठिकाणी आणणारी गोष्ट प्रेम नव्हती, याबद्दल माझा गैरसमज तेव्हाही नव्हता.

भाऊबीजेच्या सकाळी आम्ही चौघं एकाच बसनं गेलो, कारण तेवढ्या लवकर दुसरी नव्हतीच. तात्या आणि अमोल पुढं, मी आणि अण्णा मागं. दोन्ही खोकी पिशव्यांत, पिशव्या मांडीवर. पेठ नाक्याला बस बदलताना दोघं भाऊ दोन टपऱ्यांवर चहा प्यायले. साताऱ्यात स्टँडवरून आत्याच्या घराचा चढ चढताना तात्यांना धाप लागली, तेव्हा अण्णांनी चपलेचा अंगठा नीट करायचं निमित्त काढलं आणि पुष्कळ वेळ वाकून राहिले. म्हणजे मला ते निमित्त वाटलं. अंगठा खरंच तुटलेला असेल.

क्लासमध्ये टाइपरायटरांवर काळी झाकणं घातलेली होती. मामांनी दोघांना खुर्च्या दिल्या. त्यांनी त्या आपण होऊन खोलीच्या दोन टोकांना नेल्या. वरून पुरण शिजल्याचा वास येत होता आणि आत्याच्या पाट्याचा आवाज. अमोलनं मशीनचं झाकण काढलं आणि म्हणाला की आधी एका कार्डावर वेग बघू, मग दोन. अण्णांनी लगेच विचारलं, एक म्हणजे कुणाचं? अमोलनं आपलं कार्ड हातात घेतलं होतं ते त्यानं खाली ठेवलं. कार्डं एकसारखीच आहेत, कुठलंही घेतलं तरी तेच, असं मी सांगायला गेले, तर दोन्ही टोकांवरून दोघंही एकाच सुरात म्हणाले, तसं कसं? शेवटी असं ठरलं की आधी तात्यांचं कार्ड एकटं, मग आमचं एकटं, मग दोन्ही. मामांना हे फारच पसंत पडलं. खरी परीक्षा अशीच घेतात, म्हणाले. मी पुढं नोकरीत आयुष्यभर यंत्रांच्या चाचण्या घेतल्या, आणि इतकी काटेकोर चाचणी मला त्यानंतर क्वचितच घ्यायला मिळाली. कुणाचा कुणावर विश्वास नसला की काम चोख होतं.

मोजायची रीत अमोलनं लेखातून उचलली होती. आपण खेळलेला खेळ मशीन ध्यानात ठेवतं आणि नंतर झेपेल तितक्या वेगानं पुन्हा पळवून दाखवतं. तो जितक्या लवकर संपेल तितकं मशीन वेगवान. मामांनी स्टॉपवॉच दाबलं. पडद्यावर बंदूकवाला बोगद्यातून सुसाट पळायला लागला. तात्या पुढं झुकून बघत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "ह्यो गडी पळतुया कुनापास्नं?" अमोल म्हणाला, पळत नाही, शोधतोय. तात्यांना ते पटलेलं दिसलं नाही. मग आमचं कार्ड लावलं. बंदूकवाला त्याच वाटेनं तसाच पळाला. मामांनी घड्याळ दोघांना नेऊन दाखवलं: दोन्ही कार्डं बरोबरीची. दोघांच्याही चेहऱ्यावर समाधान आलं. नानांनी फसवलेलं नव्हतं.

मग दोन्ही कार्डं बसवायची वेळ आली. वरच्या खाचेत कुणाचं आणि खालच्या खाचेत कुणाचं, हा प्रश्न निघणार अशी माझी खात्री होती, आणि मी त्यावर उत्तरही तयार ठेवलं होतं. पण अण्णा म्हणाले, थोरल्याचं वर लाव. इतक्या सहज म्हणाले की त्यांनाही त्यात काही वाटलं नसावं. अमोलनं वर तात्यांचं लावलं, खाली आमचं, आणि दोन्हींच्या कडेला ती चपटी पट्टी दाबून बसवली. मामांनी घड्याळाला चावी दिली. वाद मी जिंकावा असं मला वाटत होतं आणि चित्र दुप्पट वेगानं पळावं असंही वाटत होतं.

बंदूकवाला आधीसारखाच पळाला. मामांनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच. घड्याळाच्या काट्यात म्हणावा असा फरक नव्हता. अमोलचं तोंड उतरलं. मग त्याला काय सुचलं कोण जाणे, त्यानं चित्राचा आकार वाढवून मोठ्यातला मोठा केला आणि पुन्हा सुरू केलं. आता बोगद्याच्या विटा एकेक दिसायला लागल्या, मशालीची ज्योत धारदार झाली, आणि तरीही चित्र अडखळलं नाही. त्यानं पट्टी काढून हाच आकार एकट्या तात्यांच्या कार्डावर मागितला, तर खेळ सुरूच झाला नाही. आमच्यावर मागितला, तरी नाही. म्हणजे वेग वाढला नव्हता, पण मोठं चित्र एका कार्डाला पेलत नव्हतं आणि दोघांना पेलत होतं. मामा बुचकळ्यात पडले. त्यांच्या परीक्षेत पास किंवा नापास एवढंच असायचं. त्यांनी विचारलं, पण जोडूनही वेग का वाढला नाही?

अमोलनं सांगितलं ते मला शब्दशः आठवतं, कारण दसऱ्यापर्यंत मी त्याला तेच सांगत होते. तो म्हणाला की कार्डांना काम द्यायला मागं मशीनचा प्रोसेसर एकच आहे. तो जेवढं काम पुढं ढकलतो तेवढंच ही करणार. काम येईपर्यंत दोन्ही नुसती बसून राहतात.

अण्णा खुर्चीवरून उठून मशीनपाशी आले होते. काही उमगलं की त्यांना ते बोलल्याशिवाय राहवत नसे. "म्हंजी हिरीत पानीच तेवढं हाय," ते म्हणाले. "दुसरी मोटर बसीवली म्हनून पानी काय वाढतंय व्हय?"

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. मी त्यांच्या शेजारी उभी होते, त्यांचा हात मशीनच्या झाकणावर होता तो त्यांनी काढून घेतला. वर आत्याचं लाटणं थांबलं. जिन्यावरून तिला सगळं ऐकू येत असणार. मामांनी खिशातलं घड्याळ काढून त्याला चावी द्यायला सुरुवात केली, ती आधीच भरलेली होती. इतकी वर्षं तात्या ज्या एका वाक्यासाठी अडून बसले होते, ते वाक्य आमच्या अण्णांच्या तोंडून, चार माणसांदेखत, सकाळच्या उजेडात निघून गेलं होतं. तात्यांनी नुसतं 'व्हय' म्हटलं असतं तरी अण्णा पिशवी उचलून चढ उतरून गेले असते आणि पुन्हा त्या घराची पायरी चढले नसते. मला भीती वाटली. अमोलकडं बघितलं तर तो खाली वाकून पट्टी शोधत होता, जी त्याच्या हातातच होती.

तात्या पडद्याकडंच बघत होते. पडदा तेव्हा काळा होता. ते म्हणाले, "पर मोठं चित्र एकल्याला झेपत न्हवतं. ह्येबी धराय पायजे."

कुणाशी म्हणाले ते कळलं नाही. मामा घाईघाईनं म्हणाले, बरोबर आहे, धरायलाच पाहिजे. तात्या दोन अर्थांचं बोलणारे नव्हते. पुष्कळ वर्षांनी मी त्यांना त्याबद्दल विचारलं, तेव्हा ते म्हणाले, मोठं चित्र खरंच चांगलं होतं. पण त्या सकाळी त्यांना भावाला गाठायची संधी होती आणि त्यांनी ती सोडली, एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. माझ्या मनात तात्यांबद्दल आदर बसला तो तेव्हापासून.

मामांनी निकाल दिला की ज्या अर्थी वेग वाढत नाही त्या अर्थी कार्डं एका घरात ठेवायची गरज नाही, ज्याची त्यानं न्यावीत. दोघांनी माना हलवल्या. यायचं कारण संपलं होतं आणि जायला अजून कुणी उठत नव्हतं, तेवढ्यात आत्या जिन्यावर येऊन म्हणाली की पाट मांडलेत. तिनं खरोखरच ते शेजारी मांडले होते, मध्ये हात ठेवायला जागा राहणार नाही इतके जवळ. पुरण तिनं त्या दिवशी एकदाच केलं होतं. तात्यांच्या ताटाशी दुधाची वाटी, अण्णांच्या ताटाशी गुळवणीची. एका तबकानं तिनं दोघांना ओवाळलं, आणि कुणाला आधी वाढलं असं व्हायला नको म्हणून दोन हातांत दोन पोळ्या घेऊन त्या एकदम दोन्ही ताटांत सोडल्या. ती रडली वगैरे नाही. तव्यावरची पोळी करपेल म्हणून ती लगेच आत पळाली. मला म्हणाली, अमोलला ओवाळ की, उभी काय ऱ्हायलीस. भिंत झाल्यापासून मी त्याला ओवाळलं नव्हतं. त्यानं ओवाळणी म्हणून तबकात ती चपटी पट्टी टाकली, आणि मला इतकं हसू आलं की निरांजन विझता विझता राहिलं.

जेवताना दोघं भाऊ एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. जे बोलायचं ते आत्याशी बोलत होते. तात्या तिला म्हणाले, त्येला अजून एक वाढ. अण्णा तिला म्हणाले की दादाला दूध गरम करून दे, गार हाय ते. ती दोघांचं ऐकत होती. परतीच्या बसला दिवाळीची गर्दी होती, चौघांनाही उभं राहून यावं लागलं, आणि आष्ट्यात उतरल्यावर जो तो आपापल्या दारानं आत गेला.

पुढं सगळं सुरळीत झालं असं वाचणाऱ्याला वाटत असेल, तर तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही मोटरी नेहमीसारख्या एकदम सुरू झाल्या. भिंत तशीच राहिली, आणि अजून आहे. आता तिच्या दोन्ही बाजूंना राहणारी माणसं वेगळी आहेत. मी आणि अमोल बसमध्ये उसाची हद्द पाळत राहिलो. माझा मुलगा मला परवा सांगत होता की आता कुणी दोन कार्डं जोडत नाही, विटेएवढं एकच घेतात. मी त्याला म्हटलं, आम्ही ते साताऱ्यात कधीच बघून ठेवलंय. त्याला वाटलं, मी थट्टा करतेय.

पण पुढच्या वर्षाची दिवाळी मला सांगायला हवी. नरकचतुर्दशीच्या सकाळी मी कॉम्प्युटरवरची धूळ पुसत होते. अण्णा आंघोळ करून, अंगाला उटण्याचा वास, दारात येऊन उभे राहिले. थोडा वेळ माझं पुसणं बघत राहिले. मग म्हणाले, "औंदा काय जोडून बघायचं न्हाई व्हय गं?"

मी म्हटलं, गेल्या वर्षी बघितलं की अण्णा, वेग वाढत नाही ते कळलं.

"एकदा बघून कळतंय व्हय?" असं म्हणून ते रागारागानं परसात निघून गेले.

त्या दुपारी सामान आणायच्या निमित्तानं मी सांगलीच्या बसमध्ये बसले. ऊस लागल्यावर अमोल उठून पुढच्या सीटवर आला. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला की तात्या सकाळपासून विचारत आहेत, मामांनी या वर्षी नवीन मशीन घेतलं का, त्यावर एकदा लावून बघायला नको का. मामांनी नवीन मशीन घेतलेलं नव्हतं. तपासायला काहीही उरलेलं नव्हतं. संध्याकाळी घरी आल्यावर मी मशीन उघडलं, कार्ड काढलं, खोक्यात घातलं आणि खोकं साताऱ्याच्या पिशवीत तळाला ठेवलं. भिंतीपलीकडं स्क्रू काढल्याचा आवाज येत होता.